एकाच राणीच्या सत्तावीस फळ्या

पेंटरकाकूंना कुणी ‘कलाकार’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. “कलाकार पडद्यावर असतात, मी भिंतीवर असते,” म्हणायच्या. थिएटरच्या दर्शनी भिंतीवरची पोस्टरं तीस वर्षं त्यांच्याच हातची. आधी नवऱ्याच्या जोडीनं, तो गेल्यावर एकटीनं. सिनेमा कंपनीच्या फोटोवर चौकोन आखायचे, तेच मोठे करून फळ्यांवर आखायचे, नाकाच्या जागी नाक काढायचं. यात डोकं चालवायचं नसतं, असं मालकांचं ठाम मत होतं.

आकाशराज्याच्या राणीचे तिन्ही सिनेमे एकदम परत लावायचं ठरलं. पहिल्यात ती पोर असते, दुसऱ्यात लढते, तिसऱ्यात म्हातारी होऊन आपल्या उजाड ग्रहावर परतते. काकूंना संवाद पाठ होते.

मालकांनी बजावलं, “तिन्ही फोटोबरहुकूम हवेत. तोच निळा, तीच चकाकी. काही वाकडंतिकडं केलंत तर भिंत कायमची छपाईवाल्याकडे. त्याची पोस्टरची शीट छापून तयार आहे.”

काकूंनी मान हलवली आणि स्वतःचंच खरं केलं. पहिली राणी जाड रेघांची, भडक रंगांची, शाळेतल्या मुलीनं काढावी तशी. दुसरी नुसत्या काजळीची, चिंधीनं घासलेली. तिसरी बारीक ठिपक्यांची. जवळून धूळ, लांबून चेहरा. चौकोनांची आखणी मात्र तिघींना एकच; डोळे, नाक, ओठ तिघींचे त्याच चौकोनांत.

“ही एकच बाई वाटते का?” मालक भडकले.

“तुमचा पाळण्यातला फोटो आणि आजचा शेजारी लावा. वहिनी तरी ओळखतील का?”

“लावा शुक्रवारी. लोक हसले की शीट.”

प्रत्येक राणीच्या नऊ फळ्या, मागे खडूनं एक ते नऊ आकडे. आजवर एका वेळी एकच सिनेमा लागायचा, त्यामुळे फळी कुठल्या सिनेमाची हे लिहायची सवयच नव्हती. शुक्रवारी काकू जेवून आल्या तोवर थिएटरच्या माणसांनी नुसते आकडे बघून फळ्या भिंतीपुढच्या चौकटींवर ठोकल्या होत्या. कपाळ रेघांचं, डोळे काजळीचे, हनुवटी ठिपक्यांची. तिन्ही राण्यांची सरमिसळ.

“आम्हाला वाटलं असंच असेल,” शिडीवरचा म्हणाला. “तुमचा काय नेम, काकू.”

 खाली गर्दी जमली होती, मालक शीटची गुंडाळी काखेत घेऊन उभे होते. पण कुणी हसत नव्हतं. काकूंनी पुन्हा वर पाहिलं. भुवईला भुवई भिडली होती, ओठाला ओठ. एकही रेघ सरकली नव्हती. पोर, लढवय्यी आणि म्हातारी एकाच चेहऱ्यातून बघत होत्या. हे आपल्याला का सुचलं नाही, याचा त्यांना रागच आला.

गर्दीतली एक बाई म्हणाली, “तिचं अख्खं आयुष्य आहे की हे.” आणि ती तिकीटखिडकीकडे वळली.

मालकांनी ते पाहिलं. गुंडाळी भिंतीला टेकवून म्हणाले, “बरं, शीट राहू दे. पण ही चूक आहे. तासाभरात फळ्या जागच्या जागी लावा.”

“चूक आहेच,” काकू म्हणाल्या. “आकडे मीच घातलेत.”

त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं, भिंत आणि फळ्यांमधल्या अरुंद बोळात शिरल्या, शिडी चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत खडू लागला होता. सत्तावीसच्या सत्तावीस आकडे पुसले होते.

“हं,” त्या मालकांना म्हणाल्या, “आता लावा तासाभरात जागच्या जागी.”