दाराकडे तोंड केलेल्या चपला

नागपूरच्या पोस्टात तीस वर्षं खिडकीमागे बसलेल्या सुमित्राबाईंना माणूस पाहताक्षणी ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता, आणि तो बराचसा खराही होता. फक्त पोटच्या मुलावर ती नजर त्यांनी कधी टाकली नाही. आया टाकत नाहीत, तिथेच फसतात.

यंदा जूनमध्ये त्या मुलाकडे, केदारकडे, अमेरिकेत रेडमंडला आल्या, तेव्हा आठ वर्षांच्या नातीची, इशिताची, एक सवय त्यांना फार आवडली. बाहेरून आली की पोरगी चपला काढायची आणि खाली वाकून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. स्वतःच्याच नाही, घरातल्या सगळ्यांच्या. सून आसावरी हिचंच हे वळण, असं धरून सुमित्राबाईंनी फोनवर बहिणीपाशी तिचं तोंडभर कौतुक केलं.

खरं तर त्या थोड्या जड मनानेच आल्या होत्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या नवऱ्याचं, दिगंबररावांचं, वर्षश्राद्ध झालं. केदार आला नाही. व्हिसाचं स्टॅम्पिंग व्हायचंय, आत्ता देशाबाहेर पडलो तर परत येता येणार नाही, नोकरी जाईल, असं त्याने सांगितलं होतं. सुमित्राबाईंनी ते स्टॅम्पिंग एखाद्या मंत्रासारखं पाठ केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. पिंड पुतण्याने, प्रथमेशने दिले. जेवणं झाल्यावर प्रथमेशचे वडील, धाकटे दीर मनोहर, हळूच म्हणाले, "वहिनी, त्याला यायचंच नव्हतं." त्यावर बाईंनी भरल्या घरात दिराचा असा काही पाणउतारा केला, की त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चाळीस वर्षांचं नातं होतं, पण मुलासाठी त्यांनी ते तोडलं.

तर एका शनिवारी केदार सगळ्यांना सिएटलच्या एका जपानी बागेतल्या चहाघरात घेऊन गेला. आईला काहीतरी वेगळं दाखवू, एवढाच त्याचा हेतू. बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने तिकिटं काढली.

बैठं लाकडी घर, आत चटया. भांड्यांना ओरखडा नको म्हणून अंगठ्या-बांगड्या काढायच्या. सुमित्राबाईंनी दोन्ही बांगड्या पर्समध्ये टाकल्या आणि दुखरे गुडघे मोडून बसल्या. किमोनोतल्या वयस्क यजमानीणबाई एकही शब्द न बोलता पाणी ओतत होत्या, पुसलेलं भांडं पुन्हा पुसत होत्या. एका चहासाठी एवढा सोहळा पाहून सुमित्राबाईंना आधी हसू आलं, मग बरं वाटू लागलं. कुणी आपल्यासाठी इतकं मन लावून काही करतंय, हे बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं. आधी गोड खायचं, मग चहा. बांबूच्या इवल्याशा रवीने घुसळलेला तो हिरवा चहा मोठ्या वाडग्यात समोर आला. सुमित्राबाई तो सरळ तोंडाला लावणार, तोच इशिताने त्यांचा हात धरला. वाडगा दोनदा फिरवायचा, तिने दाखवलं. त्याची सुंदर बाजू आपल्या ओठांकडे येऊ द्यायची नाही.

यजमानीणबाई खूश झाल्या. येताना दारात हिनेच सगळ्यांचे बूट वळवून ठेवले, तेही मी पाहिलं, म्हणाल्या. कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं.

"वी लर्न्ड इट इन क्योटो," इशिता म्हणाली. "लास्ट इयर, इन एप्रिल. चेरी ब्लॉसम्स होते ना, बाबा?"

केदार चटईकडे पाहत राहिला. आसावरीला एकाएकी पर्समध्ये काहीतरी शोधायचं आठवलं.

इंग्रजी सुमित्राबाईंना चांगलं कळत होतं, आणि महिने मोजायला पोस्टातली नोकरीही लागत नाही. पण तिथे मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती, आणि समोरच्या बाईंनी जीव ओतून केलेला चहा टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तो कडू चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

गाडीत बसल्यावर केदारनेच सुरुवात केली. जपानची तिकिटं आधीच काढली होती, नॉन-रिफंडेबल होती, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, वगैरे वगैरे.

"आणि स्टॅम्पिंग?" त्यांनी विचारलं.

"झालं होतं, आई," तो म्हणाला.

"मी सगळ्या नागपूरला सांगत फिरले रे."

नवऱ्याचं श्राद्ध मुलाने चुकवलं, ते एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण आपल्याच तोंडून, आपल्याच माणसांसमोर याने आपल्याला खोटं बोलायला लावलं, हे त्यांना सहन होईना.

घरी आल्यावर त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. सव्वा वर्षात न लावलेला नंबर त्यांनी लावला.

"भाऊजी, सुमित्रा बोलतेय. तुमचं खरं होतं."

काय झालं, कसं कळलं, यातलं मनोहररावांनी काही विचारलं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "चहा झाला का?"

"झाला," असं म्हणता म्हणता सुमित्राबाईंना रडू फुटलं.