अर्धी गुंडाळलेली काडी

फोन वाजला तेव्हा मला वाटलं, ऑर्डरचाच असेल. उन्हाळा लागला की आमच्या बेसाच्या सोसायटीतल्या बायका सरगुंड्यांची चौकशी सुरू करतात. पण फोन कोराडीहून होता, माझ्या चुलतभावाचा, सुनीलचा. "बाबा गेले वं ताई," एवढंच तो बोलला. त्याने फोन ठेवला, आणि तेवढ्यात हातातल्या फोनवर मेसेज आला, यंदा दोन किलो मिळतील का... त्या बाईचा काय दोष? ही सवय तिला मीच लावली होती.

सुनीलचे बाबा म्हणजे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. उभा जन्म कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून गेला. भोंगा वाजला की भरल्या ताटावरून उठायचं, अशी नोकरी. ते रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी मोठी आई गेली. दर उन्हाळ्यात सरगुंडे करायची ती. घट्ट मळलेल्या कणकेची दोऱ्यासारखी बारीक वळी काढायची, सर नावाच्या गवताच्या काडीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची, अलगद उतरवून सुपात वाळवायची. मग ते शिजवून आमरसात. ती गेल्यावर तिच्या काड्या मोठेबाबांनी हातात घेतल्या. पहिल्या खेपेचे सरगुंडे पाहून माझ्या वडिलांनी त्यांना चिडवलं होतं, की दादा, हे खायचे आहेत का मशीनला लावायचे? पण हळूहळू हात बसला. दुपारभर व्हरांड्यात बसून मूठभर व्हायचे. कणीक ओल्या फडक्याखाली झाकून चहा प्यायचे, रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक बघायचे, पुन्हा बसायचे. एखादा वेढा सुटला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि त्यातही त्यांना मजाच यायची. जवळ बसून मी मात्र घड्याळ बघायची.

आणि मला मेलीला भलं करण्याची भारी हौस. मी त्यांच्या सुपाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ऑर्डरी आल्या. म्हातारपणी त्यांचं मन रमेल, चार लोक नाव घेतील, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले. त्यांना काही विचारलं नाही. पुतणीचा शब्द त्यांच्याने मोडवला नाही. मागच्या उन्हाळ्यात तर मी रोज संध्याकाळी फोन करायची, आणि तब्येतीच्याही आधी विचारायची, किती झाले? ते सकाळपासूनच बसू लागले होते, हे सुनीलने मला नंतर सांगितलं.

शेवटची भेट त्याच उन्हाळ्यातली. बायकांनी केलेलं कौतुक मी त्यांना अगदी रंगवून सांगत होते. ते काडी पुसत होते. म्हणाले, "जाडे झाले होते वं. त्यायले कयलं नाई?"

मी म्हटलं, कोणालाच कळलं नाही, तुम्ही काळजी करू नका. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, थकले असतील.

"मले गुंडाळायचं होतं वं बाई," काडी डब्यात ठेवत ते म्हणाले, "संपवायचं नव्हतं. आता तुह्या फोनचाच भोंगा होऊन राहिला..."

मी हसले. त्यांची थट्टा समजून हसले, आणि पाकिटं पिशवीत भरून बेसाची वाट धरली.

त्यांचं हृदय वर्षानुवर्षं कमजोर होतं, तू उगाच मनाला लावून घेऊ नको, असं सुनील म्हणतो. ते मलाही कळतं. सरगुंड्यांनी कोणी मरत नाही. पण नोकरीनंतर त्यांची स्वतःची म्हणून जी एक संथ दुपार होती, ती मी किलोकिलोने वाटून टाकली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मोठेबाबांसाठीची बुद्धवंदना आटोपल्यावर, सुनीलच्या बायकोने काड्यांचा डबा माझ्या हातात दिला. बोटं लागून लागून काड्या गुळगुळीत झालेल्या. एका काडीवर अर्धा सरगुंडा तसाच वाळलेला होता. वेढे बारीक, एकसारखे, एकमेकांना चिकटून बसलेले... माझ्या ऑर्डरीतले असे नव्हते. हा त्यांनी कोणासाठी सुरू केला होता, कोण जाणे. ओढला तर मोडेल, म्हणून मी तो काढलेला नाही.

परवा रविवारी ती काडी समोर ठेवून मीही कणीक मळून बसले. फोन मुद्दाम आतल्या खोलीत ठेवला होता. वळी काढली, काडीला पहिला वेढा दिला, आणि कानात आलं, किती झाले?

आवाज माझाच होता.