खेडचं इंजिन आणि आईचं माहेर

आमची गाडी शेवटी शेवटी डिझेलवर कमी आणि ऑइलवर जास्त चालायला लागली होती. रत्नागिरीत लोक मला नंबरप्लेटवरून नाही, धुरावरून ओळखायचे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शाळेच्या गच्चीवरून पोरं ओरडायची, "सर आले, सर आले!" आणि मी अजून वळणापलीकडेच असायचो. मग एके दिवशी बाजारातून घराकडे येणाऱ्या चढावर गाडीनं एक दीर्घ उसासा सोडला आणि ती जी बसली ती बसलीच. मागे रिक्षांची रांग लागली. एका रिक्षावाल्यानं खाली उतरून बॉनेटला हात लावून नमस्कार केला. मला तो विनोद तेव्हा आवडला नाही.

गाडी ओढून घरी आणली आणि आमचा मिस्त्री आला. त्यानं ऑइलची पट्टी काढून बघितली, वास घेतला आणि चेहरा असा केला की मी आपोआप टोपी काढली.

"सर, हिनं जीव टाकलान," तो म्हणाला. "आता रिंगा बदला, बोअर करा, काय उपयोग नाय. इंजिनच बदलायला हवं."

"नवं?"

तो हसला. "गाडीचं वय काय, नवं काय घालताय! भंगारात मिळेल झकास. खेडला माझा माणूस हाय."

आमच्या मिस्त्रीची माणसं सगळीकडे आहेत. राजापूरला आहेत, संगमेश्वरला आहेत, आरटीओत आहेत, देवळाच्या विश्वस्तांत आहेत. स्वतः मिस्त्री मात्र बोलावलं की कुठेच नसतो.

आता, वाट बघायला वेळ असता तर मी गाडीविना सुखानं राहिलो असतो. शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे. पण शिमगा तोंडावर आला होता, आणि शिमगा म्हणजे आईचं माहेर. राजापूरच्या आत तिचं गाव आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि माहेरच्या अंगणात आली की आई देवीची ओटी भरते. लग्नानंतर तिनं कधी चुकवलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चुकलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या गुडघ्याचं झालं आणि परत चुकलं. एसटीची पायरी तिला चढवत नाही. यंदा मात्र तिनं खण, तांदूळ, नारळ असं सगळं एका पिशवीत भरून पिशवी दाराच्या खुंटीला टांगून ठेवली होती. येता-जाता ती पिशवी माझ्या खांद्याला लागायची. ती मुद्दाम त्या उंचीवर टांगली होती असं माझं मत आहे.

"आपण भाड्यानं गाडी करू या," मी म्हटलं.

"भाड्याच्या गाडीतून माहेरी उतरू? माझ्या भावजयीसमोर?"

"मामीला काय कळतंय?"

"तिला पिवळी नंबरप्लेट कळते." आईनं पिशवीची गाठ पुन्हा बांधली. "मागच्या खेपेला फोनवर काय म्हणालीन ठाऊक आहे? वन्सं, आता तुमचं येणं काही व्हायचं नाही, मीच तुमच्या नावानं ओटी भरत जाईन. माझ्या नावानं! का, मी मेले?"

मी मिस्त्रीला फोन लावला. आम्ही खेडला गेलो.

महामार्गालगत एका माळावर गाड्यांची स्मशानभूमी पसरली होती. मध्येच एका मोडक्या बसच्या सांगाड्यात भंगारवाले शेठ बसले होते, चहा पीत. त्यांनी आम्हाला एका ताडपत्रीखाली दोन इंजिनं दाखवली.

"हे घ्या," शेठ म्हणाले. "पुण्याच्या डॉक्टरीणबाईंचं. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बास."

"आणि हे दुसरं?"

"ते पण डॉक्टरीणबाईंचंच. दुसऱ्या."

मी चौकशी केली तेव्हा कळलं की त्या माळावरची बहुतेक सगळी वाहनं पुण्याच्या डॉक्टरीणबाईंची होती. एका डंपरबद्दल विचारायचा मोह मी आवरला. मिस्त्रीनं इंजिनाच्या भोकाला अंगठा लावला, दुसऱ्या हातानं पुली फिरवली आणि डोळे मिटले. मीही मिटले. न जाणो, तशीच पद्धत असेल.

"जिवंत हाय," तो म्हणाला.

बिल घेतलं, कारण इंजिनाचा नंबर बदलला की आरटीओची वारी चुकत नाही. ती वारी म्हणजे वेगळीच गोष्ट आहे. इंजिन टेम्पोत चढवलं आणि संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गोणपाटावर आणून उतरवलं. मला वाटलं, आता मिस्त्री पाने काढेल. त्यानं चपला काढल्या.

"काकी, नारळ आणा. गाऱ्हाणं घातल्याशिवाय मी परक्या इंजिनाला हात नाय लावायचा."

आईनं लगेच नारळ काढला, कोयत्यानं सोलला, शेंडी ठेवली. शेजारचे बोटीवरचे काका आणि काकू गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, आत आले. काकांचा जन्म बोटीवर गेला आणि आता ते रोज सकाळी आमच्या खळ्यात येऊन जगातल्या सगळ्या इंजिनांविषयी बोलतात. मिस्त्रीनं इंजिनासमोर विडा ठेवला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि आवाज लावला. शाळेच्या गॅदरिंगला मला इतकी वर्षं असा आवाज मिळालेला नाही.

"हे देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी परगावचं इंजिन तुझ्या पायाशी आणलंनी. त्यात काय खोट असेल ती दूर कर. मागच्या मालकाची काय नजर राहिली असेल ती काढ. सरांच्या मनात काय किंतू असेल तो पण काढ. आणि एका सेल्फमध्ये चालू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. मी सगळ्यात मोठ्यानं, कारण किंतू माझाच होता.

नारळ फुटला, खोबरं वाटलं. मिस्त्री म्हणाला, "उद्या सकाळी बसवतो," आणि गेला.

'उद्या सकाळी' म्हणजे काय हे मला या वयात कळायला हवं होतं. त्याच्या गावाला होळी उभी करायची होती. मग पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून तिथे भांडण लागलं आणि मिस्त्रीला मिटवायला थांबावं लागलं. मग मिटलं म्हणून थांबावं लागलं. मी फोन केला की मागे ढोल वाजत असायचे आणि मिस्त्री ओरडायचा, "निघालोच सर!" इकडे इंजिन खळ्यात बसून होतं. त्याच्यावर शेजारची कोंबडी अंडं घालून गेली. काका त्याच्याभोवती फेऱ्या मारत सांगायचे की बोटीचं इंजिन म्हणजे आपलं घर मावेल एवढं. आई खुंटीवरची पिशवी खाली काढायची, तांदूळ उन्हाला दाखवायची, परत टांगायची.

मिस्त्री उगवला तो आईच्या माहेरच्या पालखीच्या आदल्या दिवशी. डोक्यात गुलाल, घसा बसलेला. फणसाच्या फांदीला चेनपुली लावून जुनं इंजिन वर काढलं, नवं खाली सोडलं. काका "स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!" म्हणजे उजवीकडे, असं ओरडत होते आणि मिस्त्री प्रत्येक वेळी डावीकडे सरकवत होता, तरी ते बरोबर बसलं. संध्याकाळी सगळे पाईप, वायरी, पट्टे जोडून झाले. आई पायरीवर येऊन बसली. मी किल्ली फिरवली.

इंजिन फिरलं. एकदा खोकलं. गप्प.

पुन्हा किल्ली, पुन्हा खोकला, पुन्हा गप्प. बॅटरी दमेपर्यंत आम्ही तो खोकला ऐकला.

"डिझेल पंप," काका म्हणाले. मिस्त्रीनं डिझेल पंप उघडला. काही नव्हतं. "मग नोझल." नोझलही उघडले. "आमच्या बोटीवर एकदा असंच..."

"अहो, पुरे!" गडग्याच्या पलीकडून काकूंचा आवाज आला. "सगळा जन्म बोटीच्या स्वयंपाकघरात गेला तुमचा. इंजिन बघितलंत कधी?"

 काका ताठ मानेनं म्हणाले, "इंजिनरूमला जेवण कोण पोचवायचं?"

मिस्त्री चाकाला टेकून बसला आणि विडी पेटवून विचार करू लागला. मला आशा वाटली. त्यानं धूर सोडला आणि निकाल दिला.

"चूक गाऱ्हाण्यात झाली, सर. इंजिन खेडचं. गाऱ्हाणं घातलं आपल्या देवाला. हद्द ओलांडताना तिकडच्या देवाची परवानगी कोणी घेतलीन?"

"अरे, पण ते मूळ पुण्याचं आहे ना?"

"तेच तर! दोन हद्दी!"

मी एम.ए. आहे, बी.एड. आहे, आणि त्या दिवशी माझ्याच खळ्यात मी एका माणसाशी इंजिनाच्या कुळाचारावर वाद घालत होतो. काका मिस्त्रीच्या बाजूनं गेले, कारण समुद्रात हद्दीचं फार महत्त्व असतं. मी म्हटलं, सकाळी भाड्याची गाडी बोलावतो, प्लेट पिवळी असो की निळी. आई उठली, पिशवी खुंटीवरून काढली आणि आत घेऊन गेली.  ती बोलली असती तर मला झोप लागली असती.

सकाळी मिस्त्री चार्ज केलेली बॅटरी घेऊन चक्क वेळेवर हजर. दुसरं गाऱ्हाणं घालायचं, खेड आणि पुण्याच्या देवांची नावं घेऊन, असं त्यानं ठरवलं होतं. पालखी दुपारी माहेरच्या घरी पोचणार होती. मी भाड्याच्या गाडीवाल्याला फोन लावायला मोबाईल हातात घेतला. मिस्त्रीनं चपला काढल्या, रुमाल गुंडाळला. आई पायरीवर नारळ सोलायला बसली. सोलता सोलता ती थबकली.

"काय रे," ती मिस्त्रीला म्हणाली, "मागच्या नारळाची सोडणं कुठे ठेवलीस? वाळली असतील, बंबात घालते."

सोडणं म्हणजे नारळाचं जाड साल. आमच्या न्हाणीघरातला बंब त्यावरच पेटतो.

"कुठली सोडणं, काकी?"

"अरे, ती नाही का, ह्याच्या भोकांत घातलेली."

मिस्त्रीनं डोक्याला गुंडाळलेला रुमाल सोडला.

"कुठल्या... भोकांत?" मिस्त्रीनं विचारलं.

"अरे, तू गेलास गावाला. उघडं पडलेलं. उंदीर शिरला असता आत! मी आपली सोडणं कोंबली भोकांत. नीट आत दडपली, लाटण्यानं. बसवताना तू काढलीस ना?"

मिस्त्रीनं एक पुढचं, सायलेन्सरकडचं काढलं होतं. "मला वाटलं, शेठनं घातलंन," तो पुटपुटला. दुसरं, ज्यातून इंजिन श्वास घेतं त्या भोकातलं, मागच्या बाजूला होतं. तिथे हात पोचतो, डोळा पोचत नाही. त्यानं पाईप काढला, तारेचा आकडा आत घातला आणि ओढायला लागला. आधी काथ्या आला. मग आणखी काथ्या आला. एखाद्या जादूगाराच्या नळीतून रुमाल यावेत तसा तो येतच राहिला. शेवटी एक तळहाताएवढा तुकडा बाहेर आला, ग्रीसनं काळा. पहिल्या गाऱ्हाण्याच्या नारळाचा!

"सुकली नाहीत अजून," आई तुकडा हातात घेऊन म्हणाली.

मी किल्ली फिरवली. एका सेल्फमध्ये चालू. मिस्त्रीनं माझ्याकडे बघून हात वर केले. "बघा! गाऱ्हाणं पोचलं होतं. मधे अडकलं होतं."

काथ्याचे काही धागे आत राहिले असावेत, कारण गाडी निघाली तशी सायलेन्सरमधून न्हाणीघराचा वास येऊ लागला. भल्या पहाटे बंब पेटवल्यावर येतो तो. ट्रायलसाठी मिस्त्री पुढे बसला. काका कोणी न बोलावता मागे, आईच्या शेजारी. राजापूरपर्यंत गाडी सुरेख चालली, आणि हे मी लिहितोय तेव्हाही माझा विश्वास बसत नाही. मिस्त्रीची एकच अट होती, "बंद करू नका सर. आज बंद केलीत तर मी जबाबदार नाय."

गावात शिरलो तर समोर रस्ताभर पालखी. ढोल, ताशे, गुलाल, खांद्यावर नाचणारी देवी. माहेरचं घर अजून दोन वळणं पुढे.

"थांबव," आई म्हणाली.

"आई, घरासमोर उतर ना. गाडीतून. त्यासाठीच तर..."

"पालखीच्या पुढे गाडी घालणार तू?" आणि ती उतरली. एका हातात पिशवी, दुसरा हात मिस्त्रीच्या खांद्यावर. मिस्त्री तर ढोल ऐकल्याबरोबर स्वतःच्या गावाला आल्यासारखा चालू लागला. मागून काकाही गेले. आई पालखीमागून चालत माहेरी निघाली, नव्या गुडघ्यांवर, गाडीकडे मागे वळूनही न बघता.

मी बसलो. इंजिन चालू ठेवून, रस्त्याच्या कडेला, एकटा. ढोल लांब गेले. एक गाय येऊन धुराचा वास घेऊन गेली.

बऱ्याच वेळानं मामी आली. ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार.

"काय रे, जेवायला येत नाहीस? न्हाणीघर घेऊन आलास काय बरोबर?"

"आईची ओटी भरून झाली?"

"भरलीन तर! गुडघा वाकत नाही म्हणून पालखी दोन खुर्च्यांवर ठेवायला लावलीन. माझ्या लग्नापासून असं झालं नाही. मानकरी बघत राहिले. आणि काय रडली रे! मी नारळ पुढे केला तर म्हणते, माझा मी आणलाय." मामीनं पदरानं नाक पुसलं. मग ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. नंबरप्लेटपाशी वाकली. पांढरी होती.

"वन्सं सांगत होत्या, इंजिन नवं घातलंत म्हणून."

"हो," मी पोळीचा घास घेत म्हणालो. "खेडहून आणलं."

"खेडला शोरूम झालं?"

"मोठं आहे," मी म्हटलं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा दाबला. "खूप गाड्या असतात तिथे."