वरीलप्रमाणे

पाण्याखाली लिहायला माझ्याकडे प्लॅस्टिकची पाटी आणि पेन्सिल असते. मालवणजवळच्या राखीव बेटांभोवती दरवर्षी मी तळावर टेप अंथरते आणि दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते लिहिते: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, वाळू. यंदा एकदा ‘मेलेलं’ लिहिलं आणि त्याखाली ‘वरीलप्रमाणे’च्या रेघोट्या ओढत गेले. वाईट वगैरे काही वाटलं नाही. पाणी छान कोमट होतं. त्याच कोमट पाण्यानं प्रवाळ मेलं होतं.

वर आले, तशी होडीवाल्या दामूकाकांनी पाटी हातात घेतली.

“ह्या काय गो?”

“वरच्यासारखंच, म्हणून खुणा केल्यात.”

“सगळी बघितलंस मा?”

मला आठवेना. आईच्या आजारपणात कुणी फोनवर विचारलं की मी म्हणायचे, “कालच्यासारखीच आहे.” पुढे पुढे तिच्या खोलीत न डोकावताच म्हणायचे.

टेप अजून खालीच होती, टाकीत हवाही होती. रेघोट्या पुसल्या आणि पुन्हा उतरले. पहिल्या प्रवाळापाशी थांबले, नीट बघितलं आणि अख्खा शब्द लिहिला: मेलेलं. मग दुसऱ्यापाशी गेले.