जिनिंगमधली ट्राम

देवमन तायडेनं मुंबईत एकोणीस वर्षं ट्राम चालवली. चौसष्ट साली ट्राम कायमची बंद पडली, तसा तो बायकोला, मैनाला, घेऊन अकोल्याला परतला. खुशालरावांच्या जिनिंगवर, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, दोघांना काम लागलं. तो पहारेकरी, ती कापूस निवडायला.

पहिल्याच दिवशी आवारात फिरताना तो थबकला. निंबाखाली ट्रामचा डबा उभा! खुशालरावांनी काही वर्षांपूर्वी जुन्या ट्रामच्या लिलावात हौसेनं घेतलेला, रेल्वेनं आणवलेला. हौस फिटली आणि आत सरकीची पोती आली. आपण चालवलेली हीच का, हे देवमनला ओळखता येईना. नंबर खरवडून गेला होता. तरी त्यानं दांडीवरून हात फिरवला.

मालकांना विचारून त्यानं पोती हलवली. पाळी संपली की गंज घासायचा, तेल घालायचा. कापूस निवडणाऱ्या बायांची तान्ही लेकरं तिथंच धुळीत पडून खोकायची. मैनानं ती उचलून ट्राममध्ये निजवली. त्या बायांतल्या सुभद्राच्या पोरीचा खोकला पंधरा दिवसांत उतरला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर खुशालराव सुताराला घेऊन आले. नव्या घराच्या दारांसाठी त्यांना ट्रामचं सागवान हवं होतं.

देवमन पायरीवर आडवा उभा राहिला. "तोडू नका जी इले."

"कावून? सडूनच तं राहिली."

"आत येऊन पाहा मालक. मंग म्हणसान तं मीच खिळे काढून देतो."

आत बाकांवर सात लेकरं निजली होती. देवमननं एका रिकाम्या बाकाची पाठ इकडून तिकडे पलटवली.

"ट्राम वळत नसे जी. परतीले पाठ फिरवली का झालं."

खुशालराव बसले.

"बंद झाली तवा लय वाईट वाटलं असन तुले?"

"शेवटल्या दिवशी लोकायनं हार घातले. मी हासत होतो. घरी आलो अन् दोन दिवस जेवण गेलं नाही."

मालक उठले. "फळ्या कुजल्या इथं," ते सुताराला म्हणाले. "तेवढ्या बदलून टाक. लेकरायचे पाय अडकतीन."

उन्हाळ्यात ट्रामवर टिनाचं छप्पर चढलं. मैनाला कापसावरून काढून लेकरं सांभाळायचं काम दिलं. देवमन दर वर्षी हंगामाआधी ट्रामला रंग द्यायचा, आणि रंग वाळेपर्यंतच्या त्या दोन दिवसांत कोणालाही पायरीवर पाय ठेवू देत नसे, मालकांनासुद्धा.