चुकीच्या कार्डावरची सही

समजा, इंग्रजी शब्दांची दोनशे कार्डं तुमच्यापुढे ठेवली आहेत. अक्षरांप्रमाणे लावायची नाहीत; एका मुळातून फुटलेले शब्द एका गठ्ठ्यात घ्यायचे. 'डॉक्टर' कुठे ठेवाल? औषधांत ठेवलात तर चुकलात. तो शिकवणाऱ्यांच्या घरातला. माहीत असणं या अर्थाचा 'नो', शिवाय 'रेकग्नाइज', 'इग्नोअर' ही मात्र जाणण्याच्या घरातली सख्खी भावंडं.

शब्दकोशाच्या कचेरीत कार्डबाईंनी हे काम एकवीस वर्षं केलं. शाळा सातवीत सुटलेली. आल्या होत्या कपाटं पुसायला. शब्द तपासणाऱ्या मास्तरांनी एकदा हटकलं, "पुसताय तर वाचतही जा की! डोळ्यांना काय वेगळा पगार लागतो?" तेव्हापासून मास्तर त्यांना शिकवत गेले. 'लर्न'च्या मुळाशी नांगराची सरी आहे, त्यांनी सांगितलं. सरी धरून जाणं म्हणजे शिकणं. आणि सरी सोडून भरकटणं म्हणजे 'डिलिरियम', बुद्धीचा भ्रम. दोन्ही कार्डं शेजारी लावायची.

मास्तर आजारी पडले, तेव्हा इस्पितळात त्यांच्या सुनेने तोच शब्द उच्चारला. "डिलिरियम आहे म्हणतात, बाई. म्हणजे काय हो?"

बाईंनी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा बाहेर काढला.

शिकण्या-जाणण्याच्या शब्दांचा गठ्ठा त्यांनी पहिल्यांदाच एकटीने लिहिला होता. सोमवारी सगळी कार्डं संगणकात जाणार होती. मास्तरांची सही नसेल, तर हा गठ्ठा कोशातून वगळणार होते. म्हणून बाई तो पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या.

कचेरीची एक रीत होती. लिहिणाऱ्याने गठ्ठ्यात एक कार्ड मुद्दाम चुकीचं घालायचं. तपासणाऱ्याने ते पकडलं तरच बाकीच्या सह्या खऱ्या. मास्तरांच्या हातून आजवर एकही सुटलं नव्हतं. 'स्कूल'चा मूळ अर्थ फावला वेळ. बाईंनी तिथे लिहिलं, 'छडी'.

"कोण?" मास्तरांनी विचारलं.

"मी. कार्डबाई."

"नवीन दिसता. हात धुतलेत ना? कार्डांना डाग पडतात."

पेन हाती देताच ते भराभर सह्या करू लागले. एकही कार्ड वाचत नव्हते. 'स्कूल'पाशी मात्र हात थांबला. मास्तर कार्डाकडे बघत राहिले, मग खुदकन हसले आणि सही करून मोकळे झाले.

सोमवारी कचेरीत साहेब म्हणाले, "सह्या आहेत ना? झालं तर मग!"

"चुकीचं कार्ड पकडलं नाही त्यांनी."

"अहो, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गठ्ठ्यावर लाल रेघ ओढली. कोश त्या शब्दांवाचून निघाला. मास्तर त्याआधीच, त्या सोमवारनंतरच्या बुधवारी, गेले होते.

मी संगणकाच्या कामाला तिथे लागलो तेव्हा बाईंनी मलाही ते कार्ड दाखवलं. सही अगदी सरळ रेषेत होती, नांगराच्या सरीसारखी.

"हसले ते," बाई म्हणाल्या. "ओळखलं असेल, तर मग सही का केली?"