तेलाच्या डब्यातली रांगोळी

"काकू, बोटांच्या बेचक्यात हा गुलाबी रंग कसला?"

डॉक्टरबाईंच्या या एका प्रश्नातून माझ्या बायकोचा, शैलाचा, आजार सापडला. तोवर तीन एक्स-रे झाले होते, थुंकी दोनदा तपासून झाली होती आणि सात महिने गेले होते.

"रांगोळीचा," शैला म्हणाली. "घरीच करते मी. ह्यांच्या मशीनची भुकटी चाळायची आणि कोरडा रंग चोळायचा."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "कसली भुकटी, काका?"

"लाकडाची," मी म्हणालो, आणि तो शब्द तोंडातून जाताजाता माझं मलाच कळलं.

मग सिटी स्कॅन झाला. नंतर ब्राँकोस्कोपी, म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण फुप्फुसांत घालून आतलं पाणी तपासायला काढणं. त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी दोन तास बसलो होतो. निदान लांबलचक होतं: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. अर्थ सोपा आहे. एखादी बारीक भुकटी रोज श्वासातून आत जात राहते, काहींची फुप्फुसं तिच्यावर चिडतात आणि सुजतात. तरीही ती जातच राहिली तर आत व्रण पडतात आणि फुप्फुस कडक होतं. बाई म्हणाल्या, "सूज औषधाने उतरेल. व्रण राहतील. ते वाढणार नाहीत असं मी आज सांगू शकत नाही."

घरात लाकडाचं मशीन असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आमची चूक साधी होती, म्हणूनच ती कुणाच्याही घरात होऊ शकते.

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राखेच्या विभागात नोकरी केली. धूळ काय करते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी निवृत्त झालो आणि नाशिकरोडच्या घरामागे, मोरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सागवानी देवघरं करू लागलो. लाकूड गुळगुळीत करायला सँडर घेतला. पॉलिशपेपर लावलेलं, हातात धरायचं, थरथरणारं मशीन ते. त्याच्या मागे कापडाची एवढीशी पिशवी होती आणि तिच्यातून निम्मी धूळ बाहेर यायची.

मला ते सहन होईना. मी सँडरला नळी जोडली, ती तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात सोडली आणि डब्याच्या दुसऱ्या भोकातून व्हॅक्यूम क्लीनर ओढेल अशी सोय केली. भुकटी डब्यात बसायची, हवा पुढे जायची. शेडची फरशी आरशासारखी राहू लागली. तोंडाला मास्क बांधून मी स्वतःवरच खूश होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो शहाणा मीच.

कारण डबा भरला की तो शैलाकडे जायचा.

भुसा आपल्याकडे कुणी फेकत नाही. आणि ही तर भुकटी होती, मैद्यासारखी. शैला रांगोळीची दर्दी. तिने ती आधी पिठाच्या चाळणीने चाळली, मग मलमलीतून. गुलाबी, हिरवा, जांभळा रंग घालून दोन्ही तळव्यांनी चोळली. उडून वाया जाऊ नये म्हणून हे सगळं दुपारी, स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद करून. मी मशीन जितकं सुधारत गेलो तितकी भुकटी बारीक होत गेली आणि तितकी ती खूश. "अहो, ह्या वेळचा माल काय सुरेख आलाय!" ती म्हणायची. मी म्हणायचो, "मग! कारखाना कुणाचा आहे?"

आधी कोरडा खोकला आला. मग संध्याकाळची कणकण. मग पंचवटीत भाजी घ्यायला गेलो असताना घाटाच्या पायऱ्यांवर ती मधेच बसली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." शैला कधी कुणाच्या मागे राहणारी बाई नव्हती. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. मी म्हणालो, "वय झालं तुझं."

पहिल्या डॉक्टरांना टीबीची शंका आली. तो निघाला नाही. मग ॲलर्जी, मग ॲसिडिटी. ती आठ दिवस माहेरी, सायखेड्याला राहिली आणि खोकला थांबला. मी तिला चिडवलं, "माहेरच्या हवेचं औषध बाटलीत भरून आण." घरी आली आणि चार दिवसांत पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा ती दिवाळीच्या आधी गेली. या वेळी तिकडेही खोकली, घरच्यापेक्षाही जास्त. डॉक्टरांनी विचारलं, "घराबाहेर गेल्यावर बरं वाटतं का?" आम्ही प्रामाणिकपणे सांगितलं, एकदा वाटलं, एकदा नाही. म्हणजे घराचा संबंध नसावा, असं ठरलं. त्या दुसऱ्या खेपेला तिच्या पिशवीत बहिणीसाठी तीन किलो भुकटी होती आणि दोघींनी ती ओसरीवर बसून रंगवली होती, हे आमच्यापैकी कुणालाच सांगण्याजोगं वाटलं नाही. डॉक्टर कामधंदा विचारायचे तेव्हा शैला सांगायची, "काही नाही, घरीच असते." खोकत नसलेल्या माझ्या नोकरीची चौकशी मात्र दोनदा झाली.

शैला अकरा दिवस दवाखान्यात होती. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ताप गेला, चेहरा सुजला. नळीत फुंकून श्वास मोजायची एक तपासणी असते. त्यात ती शाळकरी मुलीसारखी जीव तोडून फुंकायची आणि मग माझ्याकडे बघायची, पास झाले का म्हणून. मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

शैलाने ही भुकटी शेजारीपाजारीही वाटली होती; त्या दिवसांत मी त्या पिशव्या परत आणायला निघालो. गल्लीतल्या चार घरांतून त्या मिळाल्या. लोक हसले, "काका, रांगोळी परत मागायला आलात?" शेवटी सायखेड्याला गेलो. मेहुणी अंगणातच भेटली. सगळं ऐकून ती खाली बसली.

"दाजी, पिशवी तर कवाच संपली. लय मऊ व्हती." मग पदर तोंडाला लावून ती खोकली. "मलाबी महिना झाला, जात नाय हा."

तिला दुसऱ्याच दिवशी बाईंकडे घेऊन आलो. तिची नुसती सूज होती, व्रण नव्हते. ती वाचली. बाईंचे उपकार आमच्या दोन घरांवर आहेत. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून शैलाचे हात पाहिले.

सँडर मी विकला नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी तो गेला असता म्हणून मोडून टाकला. तुमच्याकडे असेल तर धूळ जरूर गोळा करा, पण काम तिथे संपत नाही. ती पुढे कुणाच्या हातात जाते ते बघा. भुकटी ओली करून, पिशवीचं तोंड बांधून, स्वतः बाहेर टाका. घरातल्या माणसाला द्यायची ती वस्तू नव्हे.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. कोरडी रांगोळी आमच्या घरात येत नाही, विकतचीसुद्धा. शैला तांदळाच्या ओल्या पिठाने, बोटाने काढते. मी पाट ठेवतो आणि शेजारी उभा राहतो. आठ पाकळ्यांचं कमळ असतं. दम लागला की ती वाटी माझ्या हातात देते आणि उरलेलं मी पुरं करतो. माझा हात वाकडा आहे, त्यामुळे तिचं कुठे थांबलं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं.

पहिल्या वर्षी फक्त आठवी पाकळी माझी असायची. गेल्या पाडव्याला सहावीपासून पुढच्या माझ्या होत्या. आज सकाळी तिने पाचवी अर्धी काढली आणि वाटी माझ्याकडे दिली.